सत्काराचे वजन

लातूर जिल्हा नवा झाला, त्याच्या पुढच्या कोरड्याठाक उन्हाळ्यात औशाजवळच्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शन भरले. 'नव्या जिल्ह्यातील पहिला पूल' असे पत्रिकेत छापले होते. पूल हातभर लांब होता.

दानम्माबाईंच्या आठवीतल्या मुलींनी तो जवारीच्या धांड्यांचा, वाळल्या ताटांचा, केला होता; सांध्यांना बाभळीचे काटे टोचलेले. मध्यावर विटा टांगत गेलं तर आधी कोणता सांधा सुटेल, हा बाईंचा प्रश्न. सगळा वर्ग म्हणाला, मधला. एकटी नागू म्हणाली, टोकाचा. तेव्हापासून तिची रोज टिंगल चालली होती. आज तिला उत्तर हवं होतं.

प्रदर्शन समितीच्या साहेबांना विटा दिसल्या. "ह्या कशाला?"

"टांगायला, साहेब. पूल मोडेपर्यंत."

"मोडेपर्यंत? पाहुण्यांसमोर? बाई, जिल्हा अजून कोरा आहे!"

"मोडल्याबिगर जोर कुठं पडतो ते पोरींना कळावं कसं?"

"जोर पडतच नाही, असं शिकवा."

विटा जप्त झाल्या. नागूचे डोळे भरून आले.

पाहुणे आले. दुष्काळामुळे बाजारात फुले नव्हती. पण पाडवा नुकताच सरलेला, म्हणून साखरेच्या गाठी उरल्या होत्या. त्याच सगळ्यांच्या गळ्यात पडल्या. जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांनी मोठ्या मनाने आपली गाठी काढून पुलाच्या मध्यावर चढवली. मग उपाध्यक्षांना मागे राहता येईना. जिल्हा नवा, कोणाची खुर्ची मोठी हे अजून ठरलेले नव्हते. त्यामुळे झाडून सगळ्यांनी गाठी चढवल्या. पूल वाकला.

बाई कुजबुजल्या, "साहेब, वजन वाढायलंय."

"सत्काराला वजन नसतं, बाई!" म्हणत साहेबांनी स्वतःची गाठी चढवली.

कट्!

"बाई, टोकाचाच!" नागू किंचाळली. मंडपात टाळ्या चालूच होत्या.

बाईंनी खाली पडलेल्या गाठीचा मोठा तुकडा फुंकून तिच्या हातावर ठेवला. "खा. पैला नंबर तुझा."

रीतसर चौकशी झाली. गाठी निर्दोष ठरल्या. सगळा मंडप पाहुण्यांकडे पाहत असताना एकच मुलगी पुलाकडे पाहत होती, सबब पूल तिच्या पाहण्याने मोडला, असा निष्कर्ष निघाला. यापुढे कोणत्याही उद्घाटनाला उपस्थितांनी फक्त पाहुण्यांकडे पाहावे, असा हुकूम सुटला.

त्याची अंमलबजावणी करायला मात्र एकही माणूस नेमावा लागला नाही. तुम्ही-आम्ही होतोच.