भाऊजींची सुधारित षटकार स्पर्धा

माझी मुलगी जन्मली तेव्हा आमच्या थोरल्या भाऊजींनी तिला कुशीत घेतलं नाही. खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलं. पुढून पाहिलं, मागून पाहिलं, हातापायाची बोटं तपासली आणि दवाखान्यातल्या सगळ्या बायकांसमोर म्हणाले, "डाव्या कानाची पाळी उजवीपेक्षा जरा लहान आहे. पण चालण्यासारखं आहे." माझी आई तिथेच बसली होती. असल्या घरात मुलगी दिल्याची तिला त्या दिवशी लाज वाटली असणार. मला तर लग्न झाल्यापासूनच वाटत होती.

भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ, सुरेशभाऊजी. चाकणला एका कंपनीत ब्रेकचे पार्ट बनतात, तिथे त्यांनी सगळी नोकरी क्वालिटीत काढली. समोर आलेल्या मालातली खोट शोधायची आणि तो माल बाजूला काढायचा, एवढंच काम. तीन वर्षांपूर्वी रिटायर झाले, पण त्यांची नजर अजून शिफ्टला जाते. प्रेसच्या खडखडाटात राहून कान तेवढे अधू झालेत.

"हे सुधारता येईल," हे त्यांचं पालुपद. लग्नाच्या पंगतीत वाढपी उलट्या दिशेने फिरवले तर कोशिंबीर वेळेवर येते, हे त्यांनी माझ्या भावाच्या लग्नात आचाऱ्याला समजावलं होतं. कहर केला तो मामंजींच्या मावसभावाच्या दहाव्याला. घाटावर पिंडाला कावळा शिवेना. उन्हात सगळे ताटकळलेले, बायका डोळे पुसतायत, आणि हे गुरुजींना बाजूला घेऊन म्हणाले, "एकाच जागी पान ठेवून वाट बघण्यात वेळ जातो. तीन ठिकाणी ठेवा." गुरुजींनी वळून विचारलं, हे कोणाचे? सगळ्यांनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं आणि माझ्या नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार, कप्पाळ!

मोशीला आम्ही एकाच सोसायटीत राहतो. ते ए विंगला, आम्ही सी विंगला. त्यामुळे जिन्यात, भाजीवाल्यापाशी, पाण्याच्या टँकरसमोर कोणीही मला अडवून विचारतं, "तुमचे दीर ना?" या प्रश्नानंतर आजवर एकदाही काही चांगलं ऐकायला मिळालेलं नाही.

आमच्या सोसायटीच्या वर्धापनदिनाला शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर षटकार स्पर्धा होते. टेनिस बॉल, सहा चेंडू, सगळ्यात जास्त सिक्स मारेल त्याला कुकर. सगळं सुखाने चाललं होतं. रिटायर झाल्यावर भाऊजींनी पहिल्यांदा ती स्पर्धा नीट पाहिली आणि कमिटीच्या मीटिंगला उभे राहिले. मी खुर्चीतच खाली सरकले.

त्यांचं म्हणणं असं की सहा चेंडूंत दोन वाया गेले की माणूस खेळायच्या आत बाद. चेंडू मोजूच नका, वेळ द्या. प्रत्येकाला दोन मिनिटं, हवे तेवढे मारा. पोरांना ते आवडलं. पहिल्या वर्षी तसं केलं. पहिल्याच मिनिटात सगळे चेंडू प्लॉटबाहेर गेले आणि उरलेलं मिनिट बॅट्समन कमरेवर हात ठेवून उभा राहिला. पुढच्याला पिशवीभर चेंडू आणून दिले, तर बी विंगचे पाटीलकाका धापा टाकत मधेच पिचवर बसले. त्यांच्या मिसेसनी मला गाठून बीपीच्या गोळ्यांचं नाव सांगितलं, जसं काही ते बीपी माझ्या माहेरून आलं होतं. भाऊजी मात्र खुशीत. म्हणाले, "मधे पाऊण मिनिटाची विश्रांती टाकली की झालं. हे सुधारता येईल."

दुसऱ्या वर्षी विश्रांती आली आणि वर अंतराचे गुण आले. नुसती भिंत ओलांडली तर सहा, पत्र्याची शेड ओलांडली तर आठ, चिंचेपलीकडे दहा. फक्कीने रेषा मारल्या, काठ्या रोवल्या. झालं असं की दहाच्या हव्यासाने प्रत्येकजण चिंचेकडेच मारू लागला आणि चिंचेपलीकडे ज्या बंगल्याची गच्ची आहे तिथे त्या बाईंनी कुरडया वाळत घातल्या होत्या. त्या खाली आल्या त्या एका हातात चेंडू आणि दुसऱ्या हातात कुरडयांचा चुरा घेऊन. कमिटीतल्या एकानेही पुढे पाऊल टाकलं नाही. सगळ्यांनी मिळून माझ्याकडे बोट दाखवलं. मी त्यांना दोन किलो कुरडया घालून दिल्या, त्यांच्याच गच्चीवर, त्यांच्या देखरेखीखाली. बाई शेवटपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

तर यंदा भाऊजी पुन्हा मीटिंगला उभे राहिले. मी मनात म्हटलं, धरणीमाते, पोटात घे. पण या वेळी त्यांनी मांडलेली गोष्ट खरंच शहाणपणाची होती. दर वर्षी भांडण होतं ते चेंडू टाकणाऱ्यावरून. सेक्रेटरींचा भाचा टाकतो, मग हरलेला म्हणतो मला मुद्दाम पायात टाकले. भाऊजी म्हणाले, सिक्स मारायची स्पर्धा आहे, आउट करायची नाही. तेव्हा बॉलर ज्याचा त्याने आणावा. ज्याला तुमच्या बॅटवर चेंडू यावा असं मनापासून वाटतं, असा तुमचा माणूस आणा. बायको आणा, बाप आणा, मित्र आणा.

टाळ्या पडल्या हो! पाटीलकाकांनी तिथेच जाहीर केलं की राजगुरुनगरहून धाकट्या भावाला बोलावतो. माझी मान कित्येक वर्षांनी पहिल्यांदा जरा ताठ झाली.

तेवढ्यात भाऊजी म्हणाले, "आणखी एक. सभासदांची जी मुलं बाहेर राहतात, त्यांनाही भाग घेता यावा."

आमचे चेअरमन जुन्या गाववाल्यांपैकी. ते म्हणाले, "आवो, पर बाहेरची पोरं कशापायी? हितलीच आवरत न्हाईत."

एरवी भाऊजींनी त्यांना पाच कारणं सांगितली असती. या वेळी ते चष्मा काढून सदऱ्याला पुसत राहिले. कान लाल झाले होते. "असावं आपलं," एवढंच म्हणाले आणि खाली बसले. आणि मला कळलं. दोन मिनिटं कशाला, विश्रांती कशाला, चिंच कशाला, सगळं कळलं.

भाऊजींचा मुलगा अजिंक्य मारुंजीला राहतो. हिंजवडीत नोकरी, भाड्याची खोली. ऑफिस जवळ पडतं म्हणून, असं सगळ्यांना सांगितलेलं आहे. लहानपणी काय खेळायचा! लांबलांबचे लोक त्याला टेनिस बॉलच्या मॅचला घेऊन जायचे. सोळाव्या वर्षी तो निवड चाचणीला गेला. भाऊजी रजा टाकून सोबत गेले. पोरगा चांगला खेळला. निवड करणारे एक गृहस्थ पाणी प्यायला दोरीपाशी आले आणि सहज बोलायचं म्हणून यांना म्हणाले, कसा वाटतो तुमचा मुलगा? कोणताही बाप म्हणाला असता, साहेब, तुमच्याच हातात आहे, बघा जरा. भाऊजींनी नीट विचार केला आणि सांगितलं, "आखूड चेंडू वेगात आला की डोळे मिटतो. आज दिसलं नाही. पण पुढे त्रास देईल."

अजिंक्य मागेच पॅड सोडत बसला होता.

त्याचं नाव आलं नाही. कदाचित तसंही आलं नसतं, कोण सांगणार. त्यानंतर त्याने बॅट माळ्यावर टाकली, शिकला, नोकरीला लागला, गेला. भांडण झालं नाही, तेच वाईट. फोनवर "आहेस ना?" "आहे." "आईला देतो." एवढंच बोलणं. जाऊबाई महिन्यातून एकदा डबा घेऊन मारुंजीला जातात. भाऊजी स्कूटरवरून सोडायला जातात आणि खालीच स्कूटरपाशी थांबतात. जाऊबाई वर बोलावतात, तर म्हणतात, स्कूटर चोरीला जाईल. त्या स्कूटरला भंगारवालासुद्धा हात लावणार नाही.

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी भाऊजी एकटेच प्लॉटवर फक्की मारत होते. मी चहा घेऊन गेले. वाकून वाकून कंबर धरली होती, पण रेषा मात्र सरळ. मी विचारलं, "अजिंक्य येतोय ना उद्या?"

"बाहेरच्या मुलांना परवानगी आहे आता," ते म्हणाले.

"ते माहीत आहे. तुम्ही त्याला सांगितलंत का?"

ते चहा पीत राहिले. मी पुन्हा विचारलं. तेव्हा कळलं की या माणसाने कोणालाच काही सांगितलं नव्हतं. जाऊबाईंनाही नाही. स्पर्धा पुरेशी चांगली झाली की पोरगा आपोआप येईल, अशी यांची समजूत. गेली दोन वर्षं आला नाही, तर यांनी काय करावं? स्पर्धेतच खोट शोधली. मला हसावं की रडावं कळेना. शेवटी मी भडकले. म्हटलं, "भाऊजी, नियम कसले बदलताय? फोन करा."

"काय तोंडाने करू, मंजू?" त्यांनी कप खाली ठेवला. "मी खोटं बोललो नव्हतो, असं इतकी वर्षं म्हणत आलो. पण त्या माणसाने बापाला विचारलं होतं गं. उत्तर दिलं ते क्वालिटीच्या इन्स्पेक्टरने. पोरगा मागे बसलाय हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून बोललो. लाज वाटते. तुझ्याशी बोलतानाही वाटते आहे."

या माणसाची लाज वाटण्यात माझी उमर गेली. त्यांची त्यांना वाटत असेल हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

मी माझ्याच फोनवरून अजिंक्यला लावला, "बाबांना देते," म्हटलं, आणि तो काही म्हणायच्या आत फोन भाऊजींच्या हातात दिला. त्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला होता.

आणि भाऊजींनी काय करावं? नियम सांगायला सुरुवात केली. दोन मिनिटं असतात. मधे पाऊण मिनिट विश्रांती. चिंचेकडचे गुण यंदा काढलेत, कुरडयांची तक्रार आली होती. वारा उत्तरेकडून असला तर क्रीज फिरवायची सोय आहे. पलीकडून नुसतं "हं" येत होतं. मी मनात म्हणत होते, अहो, ये म्हणा. नुसतं ये म्हणा.

"आणि बॉलर ज्याचा त्याने आणायचा," भाऊजी म्हणाले आणि थांबले.

पलीकडून रस्त्यावरचे हॉर्न तेवढे ऐकू येत होते. मग अजिंक्य म्हणाला, "माझा बॉलर कोण, बाबा?"

भाऊजींच्या हाताला फक्की लागली होती, ती त्यांनी चेहऱ्याला पुसली.

"मी टाकीन," ते म्हणाले. "तुझी हरकत नसेल तर. तू सांगशील तिथे टाकीन. मी बघणार नाही तुझ्याकडे. चेंडू टाकला की मान खाली घालून उभा राहीन."

त्याने फोन ठेवला की काय, म्हणून मी पुढे वाकून पाहिलं. चालू होता.

"बघायला हरकत नाही," अजिंक्य म्हणाला. "फक्त बोलू नका."

भाऊजींनी मान हलवली. पुन्हा हलवली, जोरात. फोनवर ते दिसत नाही, हे त्यांच्या गावीही नव्हतं.