वरून पाहिलेले वजन

वजन ही गोष्ट प्राण्यात नसते, अहवालात असते. हे सत्य मानवजातीला फार उशिरा कळले, आणि आमच्या कोंबड्यांच्या शेडला तर गेल्या महिन्यातच.

त्याआधी आमच्याकडे अगदीच रानटी कारभार होता. माझे सख्खे मामा तीस वर्षे बादली उपडी घालून शेडच्या मधोमध बसत, हाताला लागेल ती कोंबडी काट्याला टांगत आणि आकडा ओरडून सांगत. या पद्धतीत तीन दोष होते: कोंबडी फडफडे, मामा खोकत, आणि आकडा बरोबर येई. बरोबर आकड्यांचा आलेख काही केल्या देखणा निघत नाही.

म्हणून मुख्य कचेरीने छताला कॅमेरा टांगला. तो वरून कोंबडीची पाठ बघतो आणि पाठीच्या पसाऱ्यावरून वजन सांगतो. काटा लागत नाही, हात लागत नाही. खरे तर कोंबडीही फारशी लागत नाही. शिफारस माझीच होती. त्यापायी मामांना शुक्रवारपासून घरी बसवायचे ठरले आणि मामीने मला चहा विचारणे बंद केले. मला फार वाईट वाटले. (अहवालात याला रकाना नाही.)

उरलेले चार दिवस मामा सवयीने तिथेच, म्हणजे नेमके कॅमेऱ्याखाली, बादलीवर बसून राहिले. कॅमेऱ्याला शिकवताना फक्त कोंबड्याच दाखवल्या होत्या, त्यामुळे त्याला जे दिसते ते कोंबडीच असते. त्याने नोंद केली: एकोणतीस पक्षी, प्रत्येकी सुमारे एक किलो सहाशे, तिसावा पक्षी, त्रेचाळीस किलो सहाशे. (मामा काट्यावर एकसष्ट भरतात. पण वरून पाहिलेला माणूस नेहमीच कमी भरतो.) सरासरी थेट तीन किलो!

कचेरीतून अभिनंदनाचे पत्र आले. सोबत दोन आदेश होते. वजन करणाऱ्या कर्मचाऱ्यास शुक्रवारी कमी करावे. पक्षी क्रमांक तीस यास कोणत्याही परिस्थितीत हलवू नये.

गुरुवारी साहेब जातीने आले. त्यांनी हातातल्या पडद्याकडे पाहिले, मामांकडे पाहिले, पुन्हा पडद्याकडे पाहिले.

"तीस नंबर कुठाय?"

"हा काय," मी म्हणालो. खोटे कशाला बोला!

"अहो साहेब, माणूस आहे मी," मामा कळवळून म्हणाले. "याचा मामा!"

साहेबांनी सगळे रकाने वरपासून खालपर्यंत तपासले. माणूस म्हणून ते हळहळले. "तशी सोय नाही हो यात. तुम्ही बसून राहा. हलू मात्र नका, आकडा पडेल."

शुक्रवारी सकाळी दहाला मामांना हार घालून निरोप दिला. सव्वादहाला ते पक्षी म्हणून बादलीवर हजर झाले. आता त्यांना खाली कोरडे तूस, वर उबेचा दिवा आणि दर आठवड्याला डॉक्टर आहे. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या खोकल्याकडे कुणी ढुंकून पाहिले नव्हते. आता ते खोकले की अख्ख्या शेडची तपासणी होते. संध्याकाळी कॅमेरा बंद झाला की मामा घरी जातात आणि सकाळपर्यंत माणूस असतात. मामी मला पुन्हा चहा देते, पण माझ्याकडे बघत नाही.

कचेरीचे नवे उद्दिष्ट आले आहे: या जातीचे पाच पक्षी. आणखी चार बादल्या आणल्या. दुसरीवर मी बसतो, तिसरीवर खाद्याच्या गाडीचा ड्रायव्हर, आणि चौथीवर तपासायला आलेले डॉक्टरच बसले.

तुम्हाला हसू येत असेल, खुशाल हसा. पण आज सकाळी फोनने तुमचा चेहरा पाहून 'ओळख पटली नाही' म्हटले, तेव्हा तुम्ही काय केलेत? केस सारखे केलेत, चष्मा काढलात, मान ताठ केलीत आणि श्वास रोखून पुन्हा त्याच्यासमोर धरलेत तोंड. म्हणजे सराव आहे तुम्हाला.

पाचवी बादली अजून रिकामी आहे.