बारा शब्द आणि सात रुपये

"ज्या बँकेचा गिऱ्हाइकावर एका पेनाइतका विश्वास नाही, त्या बँकेवर हा हिरालाल विश्वास ठेवत नसतो!"

भंडाऱ्याच्या बँकेत अशी घोषणा करून हिरालालनं सुतळीनं बांधलेला पेन असा फेकला, की तो झोका घेऊन त्याच्याच नाकावर आदळला! एसटीतली कंडक्टरकी संपली होती, पण आवाज अजून मागच्या सीटपर्यंत जायचा. पन्नास हजार रुपये त्यानं मोबाइलवरून आधीच डिजिटल नाण्यात वळवले होते. खातं बंद करायचा अर्ज तिथंच टाकून, नाक चोळत तो रुबाबात बाहेर पडला.

"त्या पैशात आपल्या पोरीची, रत्नमालाची नर्सिंगची फी आहे," घरी बायको विमलाबाई म्हणाली. "शुक्रवारी भरा लागते."

"अवो, ह्या नाण्याले ना सरकार, ना मॅनेजर! मोबाइल हरपला तरी बारा गुप्त शब्द टाकले का पैसे हजर!"

आता बाराही शब्द एकाच जागी ठेवले, तर ती बँकच झाली की! म्हणून त्यानं बारा जुन्या तिकिटांमागे नंबर टाकून एकेक शब्द लिहिला आणि आपल्या कारधा गावातल्या बारा जणांना वाटला. वर ताकीद दिली, "मी सोता मागतला तरी चौकशी केल्याबिगर देऊ नका!"

बुधवारी वैनगंगेच्या पुलावर लोकांना नाण्याचा भाव दाखवता दाखवता मोबाइल गेला नदीत!

"घाबरता कायले? अर्ध्या तासात बारा शब्द आणतो!"

रुखमिणीकाकूंनी दारातच अडवलं. "आधार कार्ड दाखव. दोन फोटो आण."

"काकू, लहानपणापासून पाहून राहिल्या मले!"

"तूच त सांगतलं होतं, बाप्पा!"

सलूनवाल्या कैलाशनं जेवणाच्या सुट्टीची पाटी लावली. ताराचंदनं दोन साक्षीदार मागितले. एका बँकेला कंटाळलेल्या हिरालालनं गावात बारा बँका उघडल्या होत्या, आणि बाराही सरकारी!

गुरुवारी संध्याकाळी अकरा शब्द हाती आले. उरला पानठेलेवाला नत्थू.

नत्थूनं गल्ल्यातून दोन तिकिटं काढली. एकामागे शब्द होता. दुसरं एसटीचं, लाखांदूर-भंडारा, पंधरा वर्षांपूर्वीचं. मागे हिरालालच्याच अक्षरात '७ रु. बाकी'!

"उतरताना देतो म्हणे! तुया ह्या नोटेले कोणत्या बँकेची हमी होती रे?"

हिरालालनं खिसे चाचपले. नाणं घेतल्यापासून त्यानं नोटेला हात लावला नव्हता! शेवटी विमलाबाईनं दहाची नोट पुढं केली.

"सुट्टे नाही," नत्थू म्हणाला आणि शब्दाच्या तिकिटावर शांतपणे '३ रु. बाकी' लिहून दिलं.

शुक्रवारी सकाळी रत्नमालाच्या मोबाइलवर शब्द भरले आणि नाणी उघडली! विकायला गेला, तर पडद्यावर प्रश्न: पैसे कोणत्या बँक खात्यात टाकायचे?

हिरालाल धावत बँकेत! "मॅडम, माझं खातं..."

"चालू आहे काका. अर्जावर तुम्ही सहीच कुठं केली होती?"

नाणी विकली, पैसे खात्यात आले! कॉलेजला बँकेचाच ड्राफ्ट हवा होता. मॅडमनी फॉर्म दिला. हिरालालनं पेन उचलला, पण तो काही कागदापर्यंत पोचेना. त्या दिवसानंतर बँकेनं सुतळी आखूड केली होती.

मागच्या सीटपर्यंत जाणारा आवाज त्यानं ओठांतच ठेवला.

"मॅडम, सुतळी जराशी ढिली करता काय?"