त्रेचाळीस पेले

एकट्याने केलेलं सत्कार्य वाया जातं. तेच समितीने केलं, की त्याची नोंद होते.

जावक कारकुनांच्या टेबलाशी, खिडकीतल्या कुंडीत, लिंबोणीचं रोप होतं. बी त्यांच्या बायकोने रुजवलेलं. ऊन बरं म्हणून त्यांनी ते कचेरीत आणलेलं. रोज संध्याकाळी ते चपला काढतात न काढतात तोच ती विचारायची, "माझं पोर कसं आहे?"

त्या पोरावर पर्यावरण समितीची नजर पडली. ठराव झाला: प्रत्येक कर्मचाऱ्याने रोपाला रोज एक पेला पाणी घालावं व वहीत सही करावी. कर्मचारी त्रेचाळीस, सबब पेले त्रेचाळीस (कागदी, दर वेळी नवा, उष्ट्या पेल्याने निसर्गाचा अवमान होतो). रांगेत एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन टंकलेखक चक्क हसून बोलले. रजेवरून परतलेले लोक राहिलेले पेले एकदम ओतून मोकळे होत. खालच्या मजल्याचं छत गळू लागलं, तेव्हा त्या मजल्याने जलसंधारण समिती नेमली.

आठवड्यात पानं पिवळी पडली. कारकून भिडस्त. तीन दिवस वाक्य जुळवून ते अध्यक्षबाईंना म्हणाले, "बाई, मुळं कुजताहेत. पाणी जरा कमी..."

"कमी? अहो, लोकांचा उत्साह तरी बघा."

"तोच झेपत नाहीये त्याला, बाई."

"म्हणजे माया कमी पडतेय. पेले दोन करू."

शनिवारी कारकुनांनी आयुष्यातला पहिला गुन्हा केला. रोप अलगद काढून, डब्याच्या पिशवीत लपवून घरी नेलं. बायकोने एकुलत्या खिडकीतले वाळत घातलेले कपडे सरकवून त्याला जागा केली. कुंडीत उरला चिखल. सोमवारी काय उत्तर द्यायचं, ते कारकुनांनी रविवारभर पाठ केलं.

सोमवारी शहाऐंशी पेले पडले, शहाऐंशी सह्या झाल्या. कोणी काहीच विचारलं नाही. महिनाअखेरच्या अहवालात रोपाची वाढ 'समाधानकारक' होती. वर्षअखेर कुंडीला पारितोषिक मिळालं. फोटोत बेचाळीस जण कॅमेऱ्याकडे बघताहेत. कुंडीकडे बघणारे एकटे कारकून.

घरी पालवी फुटली. "तिथे एवढी माणसं, इथे मी एकटी," बायको म्हणाली, "तरी धरलं बघा."

वाचकांना हसू आलं असल्यास हरकत नाही. फक्त, गेल्या वर्षी ज्या रोपाशेजारी उभं राहून आपण फोटो काढून घेतलात, ते आज कुठे आहे, एवढं आठवून पाहावं. आठवत नसेल तर संकोच नको. वही आता दाराशीच ठेवली आहे. आपल्यासाठी एक ओळ कोरी सोडली आहे.