टपावरचं भांडं

या मंडळी, जवळ सरका. पाळकांनी गाऊन रंगवलेलं प्रवचन अजून कानात घुमतंय, तोवर एक गोष्ट ऐकून घ्या.

क्लीव्हलंडबाहेरच्या आमच्या वस्तीत अर्नेस्टीन आणि ओडेसा शेजारणी. फार वर्षांपूर्वी ओडेसाचं ओव्हनमध्ये भाजायचं पांढरं, गोल कॅसरोलचं भांडं अर्नेस्टीनकडे गेलं, ते परत आलंच नाही. अर्नेस्टीन म्हणे, "पीच कॉबलरचं गोड भरून परत पाठवलं." ओडेसा म्हणे, "ढापलं!" तेव्हापासून चर्चमध्ये दोघी एकाच बाकावर बसत, पण मध्ये पर्स ठेवून.

यंदा चर्चच्या तळघरात ओडेसाच्या दिवंगत नवऱ्याने, ल्युशसने, काढलेले वस्तीचे कृष्णधवल फोटो लावले. हिरवळीवरचे फवारे, वाळत घातलेल्या चादरी, रविवारच्या हॅट. एका फोटोत रस्त्याला लागलेली मोटार आणि तिच्या टपावर पांढरा गोल. कॉलेजातून आलेले प्राध्यापक म्हणाले, "हा गोल म्हणजे उपनगरी जीवनातली पोकळी."

"पोकळी कसली? भांडं आहे ते!" अर्नेस्टीन ओरडली. "आणि गाडी ओडेसाची. स्वतःच टपावर विसरली नि मला चोर ठरवलं!"

"माझी गाडी हिरवी होती. ही तुमची लाल."

"लाल कुठे दिसली गं तुला यात?"

दोघींच्या गाड्या एकाच बनावटीच्या. फोटोत दोन्ही करड्याच. प्राध्यापक करड्या रंगाविषयी काही सांगू लागले, त्यांना दोघींनी मिळून गप्प बसवलं.

अर्नेस्टीन हट्टाला पेटली. "देवापुढे उभी राहीन तेव्हा माझ्या नावावर भांडं नको!" तिने फोटो दाराएवढा मोठा करून आणला आणि पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर उभा केला.

गाडी चालवणाऱ्याच्या हॅटमध्ये मोराचं पीस होतं. वस्तीत तशी हॅट एकच.

"अगं बाई, हा तर माझा नवरा, रॉस्को!" अर्नेस्टीनने हॅटवर बोट टेकवलं. "भांडं त्याच्याच हातात दिलं होतं, गाण्याच्या तालमीला ओडेसा भेटेल, तिला दे म्हणून. दार उघडताना टपावर ठेवलं असणार धांदरटाने. चुकलं गं ओडेसा, माफ कर."

पण ओडेसाचं लक्षच नव्हतं. "फोटो माझ्या ल्युशसने काढला," ती सावकाश म्हणाली. "म्हणजे भांडं चाललेलं त्याला दिसत होतं. मग हाक का नाही मारली?"

"काय करायचीस गं तू त्यात?"

"ट्यूना मासा आणि कोबी. दर बुधवारी. दुसऱ्या भांड्यात ती चव येत नाही म्हणून बंदच केलं. बिचाऱ्याने मला जवळ घेऊन किती धीर दिला होता..."

ओडेसाने फोटोतल्या भांड्याकडे पुन्हा पाहिलं. अर्नेस्टीनने तोंडाला रुमाल लावला. मग आधी कोण हसलं, ते आता दोघीही कबूल करत नाहीत. बाकावरची पर्स मात्र त्या दिवशी खाली गेली.

पुढच्या बुधवारी ओडेसा नव्या भांड्यात ट्यूना-कोबी घेऊन अर्नेस्टीनच्या दारात हजर. अर्नेस्टीनने निमूटपणे खाल्लं, वर आणखी वाढून घेतलं.

तेव्हा मंडळी, प्रार्थनेला डोकं लववाल तेव्हा ल्युशसची आठवण ठेवा. अर्नेस्टीन तर दर बुधवारी ठेवते.