मधूभाऊंचं एक बोट

रायपुरात एखाद्याचं गाणं कसं झालं हे जाणून घ्यायचं असेल, तर आम्ही मराठी मंडळी गाणाऱ्याला विचारत नाही आणि आयोजकांनाही विचारत नाही. आम्ही विचारतो, "बोट उठलं का?"

बोट मधूभाऊ पिंपळकरांचं. उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं. अख्ख्या मैफलीत ते एकदाच खांद्याच्या उंचीपर्यंत वर जातं, क्षणभर थांबतं आणि परत मांडीवर येऊन बसतं. मधूभाऊ 'वाहवा' म्हणत नाहीत, 'क्या बात है' म्हणत नाहीत, मानही डोलवत नाहीत. "मान डोलवाले काय लागते? टेबलफॅन बी डोलवते," असं त्यांचं मत आहे. आणि एकदाच का, असं विचारलं तर म्हणतात, "एका मैफलीत खरी जागा एकच येते. बाकी सगळा तिच्या घरी जाचा रस्ता."

नऊ वर्षांपूर्वी नागपूरहून बदली होऊन मी शंकर नगरात राहायला आलो, तेव्हा आमचं सामान ट्रकमधून उतरत होतं. शेजारच्या फाटकातून एक उंच, सडपातळ गृहस्थ बाहेर आले आणि नाव-गाव न विचारता म्हणाले, "ऐकता का?"

मी सभ्यपणे म्हणालो, "हो, थोडंफार."

तिथेच फसलो. पुढच्याच रविवारी सकाळी त्यांनी मला स्कूटरवर मागे बसवून बूढ़ापारा वस्तीतल्या मराठी मंडळाच्या हॉलवर नेलं. गाण्यातलं मला इतकंच कळत होतं की गाणारा गातोय की थांबलाय. पण मधूभाऊंना नाही म्हणणं कोणाला जमलेलं नाही, मलाही जमलं नाही.

त्यांची हॉल तपासायची पद्धत ठरलेली. बैठकीच्या अर्धा तास आधी पोचायचं, खुर्च्यांमधल्या वाटेत उभं राहायचं आणि एकच टाळी वाजवायची. मग डोळे मिटून ती कुठे जाते, कशी परत येते ते ऐकायचं. "हा हॉल चांगला आहे. आवाजाले बसू देते," किंवा "याले कान नाही, नुसतं तोंड आहे," असा निकाल लागतो. हॉटेलातल्या मैफलींवर त्यांचा विशेष राग. "वरून ए.सी., खालून पनीरचा वास. सूर कुठून जाईल बाप्पा?" तलावाकाठच्या उघड्या मंचाला मात्र, स्कूटरचे हॉर्न वाजत असतानाही, ते पैकीच्या पैकी मार्क देतात. कारण तिथे म्हणे गाणाऱ्याला लपायला जागा नसते.

कलावंतांनाही सूट नाही. वाजवण्यापेक्षा गप्पा जास्त मारणाऱ्या एका सितारवाल्याबद्दल ते म्हणाले, "हा सितार आणते काहून? माइक भेटला तरी पुरे याले." एकदा कोणा तरुण मंडळींनी मंचावर रंगीत दिवे आणि धूर सोडून कार्यक्रम केला. मधूभाऊ पाच मिनिटांत उठले. "गाणं होऊन राहिलं का मच्छर मारून राहिले, ते नक्की करा आधी," असं दारावरच्या स्वयंसेवकाला सांगून बाहेर पडले.

त्यांची खुर्चीही ठरलेली. दुसरी रांग, डावा भाग, मधल्या वाटेला लागून. उजवीकडे मोकळी वाट आणि डावीकडे मी. या खुर्चीवर एकदा एक बडा अधिकारी बसला होता. मधूभाऊ जाऊन त्याच्याजवळ नुसते उभे राहिले. तबल्याची पहिली थाप पडायच्या आत साहेब उठले.

आता माझ्याबद्दल एक कबुली द्यायला हवी. माझं तोंड बंद राहत नाही. गाणं सुरू झालं की मी कुजबुजायला लागतो. हा कोण, तो कोण, चहा कधी, पंखा बंद आहे का. मधूभाऊ एका शब्दाने उत्तर देत नसत, आणि चिडतही नसत. केवढी ही एकाग्रता! मी चारचौघांत त्यांच्या समाधीची वर्णनं करायचो. हळूहळू मला त्या समाधीची सवयच लागली. गाणं चालू असताना मी त्यांच्या कानाशी लागून मनातलं सगळं बोलायला लागलो. माझं प्रमोशन कसं हुकलं, आई गेली तेव्हा मला पोचायला कसा उशीर झाला, साखरपुडा झाल्यावर पोरीचं लग्न कसं मोडलं. बायकोलाही न सांगितलेलं मी त्यांना सांगितलं. घरी जाताना हलकं वाटायचं. कोणीतरी न टोकता ऐकून घेतलं, एवढंच माणसाला पुष्कळ असतं.

यंदाच्या गणपतीत एक विचित्र गोष्ट घडली. गाणं सुरू व्हायचं होतं. तबलजी हातोडीने तबला ठोकून सुरात लावत होते आणि तेवढ्यात मधूभाऊंचं बोट वर गेलं. सगळा हॉल हसला. लोकांना वाटलं, मधूभाऊ टोमणा मारतायत, पुढचं गाणं ठोकण्याइतकंही जमणार नाही म्हणून. मी तर पोट धरून हसलो. मधूभाऊही हसले, पण सगळ्यांच्या नंतर.

मग थंडीत बाई येणार असल्याचं कळलं. बाई म्हणजे इंदूरकडच्या एक वृद्ध गायिका. मधूभाऊ ज्यांच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणतात अशा त्या एकट्याच. पूर्वी दोनदा त्या मंडळात गाऊन गेल्या होत्या. पहिल्या वेळी त्यांनी ते बोट पाहिलं आणि नंतर मुद्दाम चौकशी केली, "कडेला बसले होते ते कोण?" दुसऱ्या वेळी गाताना त्यांची नजर सारखी कडेच्या खुर्चीकडे जात होती आणि बोट उठल्यावर त्या लहान मुलीसारख्या हसल्या होत्या. आता वयामुळे प्रवास बंद करणार, त्याआधी रायपूरला एकदा गाऊन जाते, असं त्यांनी कळवलं होतं.

आदल्या दिवशी किती वाजता निघायचं ते विचारायला मी मधूभाऊंकडे गेलो.

"मी नाही येत उद्या," ते म्हणाले.

मला हसूच आलं. मग त्यांच्या उजव्या कानात बसवलेलं ऐकायचं लहानसं मशीन दिसलं आणि हसू थांबलं.

"काहून हो?" मी विचारलं.

"डावा कान तं मिलमधेच ठेवून आलो," मधूभाऊ म्हणाले. नोकरीभर ते उरला या कारखान्यांच्या भागातल्या एका रोलिंग मिलमध्ये फोरमन होते. लालभडक सळ्या आणि त्या यंत्रांचा अखंड दणका. "लय वर्षं झाले त्याले. आता उजवा बी चालला. हे मशीन लावलं की माणसाचं बोलणं समजते, पण तानपुरा सुरू झाला की डब्यात खडे हलवल्यावानी वाटते."

माझ्या डोक्यात मात्र भलतंच अडकलं होतं. "डावा कान? म्हणजे मी नऊ वर्षं..."

"हव." ते जराही ओशाळले नाहीत. "बोलणारा माणूस डावीकडे बसवाचा. त्याले त्रास नाही, आपल्याले त्रास नाही."

खरं सांगतो, मला राग आला. माझी आई, माझी पोरगी, सगळं मी बंद दारापुढे बोलत बसलो होतो. पण समोर तो माणूस असा बसला होता की राग बाहेर काढायची लाज वाटली.

"गणपतीत तबला ठोकत होते, मले गाणंच वाटलं. लोक हसले, ठीक आहे," ते म्हणाले. "पण बाई कडेच्या खुर्चीकडे पाहतीन. बोट भलत्याच जागी उठलं तं त्यांच्या गाण्यावर लोक हसतीन. अन् नाहीच उठलं, तं त्या समजतीन, आपलं गाणं संपलं. त्यापेक्षा न गेलेलं बरं."

आतून त्यांच्या बायकोचा, कुसुमवहिनींचा आवाज आला, "भाऊजी, न्या हो यांना. चार दिवसांपासून जॅकेट इस्त्री करून ठेवलं आहे यांनी, अन् म्हणतात जात नाही."

मधूभाऊंनी खुर्ची माझ्याजवळ सरकवली. मग म्हणाले, "देशकरजी, एक काम कराल? उद्या तुम्ही बोला."

"मी? गाण्यात? मला काय कळतं?"

"काही कळाले नको. जे होऊन राहिलं ते सांगत जा, बस."

"आणि ती खरी जागा आली हे मला कसं समजणार?"

"तुम्हाले नाही समजलं तरी चालते. तुमचं बोलणं आपोआप बंद पडन. ते मले समजन."

रविवारी सकाळी स्कूटर मी चालवली. मधूभाऊंनी मशीन दिसू नये म्हणून कानाला मफलर गुंडाळला होता. हॉलमध्ये त्यांनी नेहमीसारखी टाळी वाजवली आणि माझ्याकडे पाहिलं. "कशी आली?"

"आली," मी म्हणालो, "आणि थोडी थांबली."

"थांबली न? मग चांगला आहे हॉल."

मग त्यांनी मला कडेच्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः आतल्या खुर्चीवर बसले. आजूबाजूला कुजबूज झाली. मला तर मांडीखाली कोणीतरी विस्तव ठेवल्यासारखं वाटत होतं.

बाई गायला लागल्या आणि मी बोलायला लागलो. "हळू सुरू केलंय. आवाज खाली आहे. थांबल्या. परत तिथूनच घेतलं." मधूभाऊ तबलजीच्या हाताकडे बघत गुडघ्यावर ताल धरत होते. "आवाज जरा थरथरतोय. पाणी प्यायल्या. आता सावरलं." मागून कोणीतरी 'शूऽ' केलं. मधूभाऊंच्या रांगेला कोणी गप्प करावं, असं आजवर घडलं नव्हतं. मधूभाऊंनी मान वळवली नाही. बाईंनी दोनदा आमच्याकडे पाहिलं. दोन्ही वेळा बोट मांडीवरच होतं. पण मी गप्प कसा बसणार? मी नुसता खोकलो असतो तरी घोटाळा झाला असता. "आता वर चालल्यात," मी म्हणालो, "अजून वर. एकच सूर धरलाय, सोडतच नाहीत, आणि आता त्याच सुरावरून..."

पुढे काय झालं ते मला सांगता येणार नाही. तो सूर खाली आला, कुठून कसा ते माहीत नाही, पण माझी आई शेवटच्या दिवसांत मला हाक मारायची ती मला ऐकू आली.

सगळा हॉल आमच्याकडे बघतोय हे लक्षात आल्यावर मी डावीकडे पाहिलं. मधूभाऊंचं बोट वर होतं. समोर बाईंनी गाता गाता डोळे मिटून छातीवर हात ठेवला होता. तेव्हा कुठे मला कळलं की मी केव्हाचा गप्प आहे.

परतताना मधूभाऊंनी बूढ़ा तलावाजवळ स्कूटर थांबवायला लावली. उन्हातलं बाकडं बघून बसले. मफलर काढून मांडीवर ठेवला, मशीन नीट केलं. मला वाटलं, आता गाण्याबद्दल विचारतील. मी नेहमीच्या सवयीने त्यांच्या डावीकडे टेकलो.

"तिकडे नाही," ते म्हणाले आणि उजवीकडची जागा हाताने झटकली. "इकडे या. अन् आता सांगा, नऊ वर्षं काय काय सांगून राहिले होते मले. सुरुवातीपासून सांगा. मले घाई नाही."

मी उठून त्यांच्या उजवीकडे बसलो आणि आईपासून सुरुवात केली.