दोन दातांचं मौन

पाहुणे यायला जेमतेम तास उरला होता आणि हेमकांत पाटलांचे पुढचे दोन दात सापडत नव्हते.

"ओट्यावर वाटीत ठेवले होते," असं ते सगळ्या घराला सांगत होते. पण दातांशिवाय सांगत असल्यामुळे 'स'च्या जागी 'फ'सारखी नुसती हवा बाहेर येत होती आणि मयूरीला, म्हणजे त्यांच्या मुलीला, अर्धी वाक्यं अंदाजानं समजून घ्यावी लागत होती.

"स्टीलनी वाटी?" हेमकांतांच्या पत्नी नूतनताई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "जिन्हामा पानी व्हतं ती?"

"तीच!"

नूतनताईंचा चेहरा उतरला. "माय वो! मी समजनू शिळं पानी शे. म्हैसना घमेलामा वती दिन्हं."

तिघंही गोठ्याकडे पळाले. म्हशीनं सवयीप्रमाणे सरकीची ढेप खाऊन घमेलं लाथाडलं होतं आणि आता ती शांतपणे रवंथ करत होती. तिच्या मागच्या खुराजवळ चिखलात गुलाबी प्लास्टिकचे दोन तुकडे पडले होते. एका तुकड्यावर एक दात होता, दुसऱ्यावर दुसरा. म्हशीला वरचे पुढचे दात जन्मापासूनच नसतात. त्यामुळे हेमकांतअप्पांनी तिच्याकडे जे पाहिलं त्यात राग थोडा आणि आपलेपणा जास्त होता.

अप्पांचे मूळचे दात पडले तेही बोलण्यापायी. उन्हाळ्यात ट्रॅक्टर चालवताना मागं वळून ट्रॉलीतल्या माणसाला केळीच्या रोपांबद्दल काहीतरी समजावत होते. ट्रॅक्टर बांधावर चढला, अप्पा स्टिअरिंगवर आपटले, आणि वाक्य अर्धंच राहिलं. जखम भरल्यावर आषाढात शहाद्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी जबड्याच्या हाडात दोन स्क्रू बसवले. हाड स्क्रूला घट्ट धरेपर्यंत चार महिने थांबायचं, मग वर पक्के दात. तोवर दिसायला बरं म्हणून काढता-घालता येणारी दोन दातांची पट्टी दिली होती. "दात पेरेल शेतस," असं अप्पा आपल्या लोणखेडा गावात भेटेल त्याला सांगायचे. "चार महिनामा उगतीन."

पण खरी काळजी दातांची नव्हती. मयूरीची दोन स्थळं याआधी मोडली होती आणि दोन्ही अप्पांनी बोलून मोडली होती. पहिल्या पाहुण्यांना त्यांनी ठिबक सिंचन इतकं समजावलं, की त्यांची शेवटची एसटी निघून गेली. दुसऱ्यांना त्यांनी सांगितलं, की तुमच्या शिवारात कापसाचं वाण चुकीचं लावतात. आणि मग मुलाच्या आजोबांपासून कोण कोण चुकत आलं, तेही सांगितलं. माणूस मनानं निर्मळ, पण एकदा सुरू झाला की समोरच्याला पळताना चप्पल सापडेना.

आजचं स्थळ मयूरीनं स्वतः सुचवलं होतं. नवनीत तिच्याच कॉलेजात दोन वर्षं पुढं होता आणि आता साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होता. त्याच्या घरात आजीचा, रुखमाबाईंचा, शब्द चालायचा. आधी आजी पाहून जाणार आणि तिला घर पटलं तरच आईवडील येणार.

"आते काय करानं?" अप्पांनी हवा सोडत विचारलं.

"काहीच करानं नही," नूतनताई म्हणाल्या. "तोंड बंद ठेवा. मी सांभाळस."

"आनि कोनी काही विचारं तर?"

"मान हालवा."

तेवढ्यात दारात मोटार थांबली. आधी नवनीत उतरला, मग त्यानं हात धरून रुखमाबाईंना उतरवलं. गाडी चालवत होती ती त्याच्या मामेभावाची बायको, चेतना. म्हातारीला मोटारसायकलवर आणता येईना, म्हणून ती रविवारची सुट्टी सोडून आली होती.

अप्पांनी हात जोडले आणि ओठ मिटून हसले. ते हसू पोटात दुखत असल्यासारखं दिसलं.

"राम राम भाऊ," रुखमाबाई खुर्चीवर टेकत म्हणाल्या. "कसं काय? कपाशी काय म्हनस यंदा?"

कपाशी! अप्पांच्या जिभेवर तीस वर्षांचा अनुभव आला. त्यांनी तो गिळला आणि मान हलवली.

"केळी?"

मान हलली.

"बरं शे ना सगळं?"

मान पुन्हा हलली. रुखमाबाईंच्या कपाळावर आठी आली. "हाऊ मानूस रागमा शे का?" त्यांनी नातवाला विचारलं, पण आवाज त्यांचा असा होता की गोठ्यातसुद्धा ऐकू गेला असेल.

"नही, नही!" नूतनताई पोह्यांच्या बशा घेऊन धावल्या, आणि ठरवलेलं काहीच नसल्यामुळे तोंडाला येईल ते बोलून गेल्या. "त्यासनं मौन शे!"

"मौन?"

"चातुर्मासनं."

मयूरीनं डोळे मिटले. अप्पांनी बायकोकडे पाहिलं, मग लगेच हात जोडून छताकडे पाहिलं.

रुखमाबाईंची आठी विरली. त्या खुर्चीतून पुढं सरकल्या. "चार महिना बोलतस नही? काय पुन्यवान मानूस शे वो! आम्हना घरमा तर कोनी चार मिनिट गप बसत नही."

त्यानंतर बैठक अशी रंगली, की नूतनताईंना स्वतःचंच कौतुक वाटू लागलं. रुखमाबाई विचारत होत्या, अप्पा मान हलवत होते आणि प्रत्येक हलण्यात म्हातारीला नवा अर्थ सापडत होता. पोरीला लग्नानंतर पुढं शिकू द्यायचं ना? मान. लग्न मार्गशीर्षात धरायचं का? मान. नवनीत आणि मयूरी एकमेकांकडे न बघता हसू लागले.

चेतना मात्र पोहे खाता खाता अप्पांकडे सारखी बघत होती. हा माणूस कुठंतरी पाहिलाय, पण कुठं ते आठवत नव्हतं.

रुखमाबाईंनी पिशवी उघडली. "मी प्रकाशा तीर्थले जाई उनू सकाळे. देवना परसाद शे. मौनवाला मानसना हातमा पयले." त्यांनी सुक्या खोबऱ्याचा चांगला जाड तुकडा अप्पांच्या तळहातावर ठेवला.

प्रसाद नाकारायचा कसा? आणि तोही मौन धरलेल्या माणसानं? अप्पांनी खोबरं कपाळाला लावलं, तोंडात टाकलं आणि दाढेकडे सरकवलं. सगळे त्यांच्याकडे भक्तिभावानं बघत होते, त्यामुळे घाई झाली. तुकडा घसरला आणि बरोबर पुढच्या हिरडीवर, जिथं दात पेरले होते तिथं, टोकानं बसला.

अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"देखा!" रुखमाबाईंनी नातवाचा दंड धरला. "परसाद खाताच डोया भरी उनात. याले म्हनतस भक्ती."

अप्पांनी वरच्या ओठावर हात दाबला आणि डोकं डावीकडं झुकवलं. चेतनाच्या हातातली बशी खाली आली. चेहऱ्यावरून तिला ओळख पटली नव्हती, पण हे डोकं झुकवणं, ही ओठ धरायची पद्धत! ती झटक्यात उठली, अप्पांसमोर वाकली आणि म्हणाली, "काका, आ करा!"

शहाद्याची डॉक्टरीणबाई ती हीच, पण दवाखान्यात तिच्या तोंडावर कायम मास्क. अप्पांनी तिचा चेहरा कधी पाहिलाच नव्हता. पण हा आवाज ते ओळखत होते, आणि या आवाजानं 'आ करा' म्हटलं की काय करायचं, हे त्यांच्या जबड्याला पाठ होतं.

अप्पांनी आ केला. भला मोठा.

रुखमाबाईंना, नवनीतला, सगळ्यांना दिसलं. मधोमध मोकळी जागा आणि हिरडीत चांदीसारखी चमकणारी दोन बटणं.

"स्क्रू ठीक आहेत," चेतना आत बघत म्हणाली. "थोडं खरचटलंय. तुम्हाला मी कडक काही खाऊ नका सांगितलं होतं ना? आणि पट्टी कुठंय?"

"म्हैफनी मोडी," अप्पा म्हणाले.

ते म्हणून झाल्यावर त्यांना आठवलं की आपलं मौन आहे.

नूतनताईंनी पदर तोंडाला लावला. रुखमाबाईंनी आधी अप्पांकडे, मग नूतनताईंकडे बघितलं. "मंग मौन नही शे?"

"नाही आजी," मयूरी पुढं झाली. "आईनं घाबरून सांगितलं. नुसते दात नाहीत म्हणून नाही. अप्पा बोलले की पाहुणे उठून जातात. आणि तुम्ही जाऊ नये असं मला वाटत होतं."

नवनीत एवढा लाजला, की त्यानं घेतलेला चहाचा घोट परत कपात गेला.

रुखमाबाईंनी खुर्ची ओढून अप्पांच्या समोर घेतली आणि मांडी घातली. "बोला भाऊ. मी बठेल शे. कोन उठस ते दखूत."

अप्पांनी बायकोकडे पाहिलं. नूतनताईंनी हात टेकले. मग अप्पा बोलले. ट्रॅक्टर, ट्रॉली, बांध, स्टिअरिंग, सगळं सांगितलं. 'स्टिअरिंग' म्हणताना तोंडातून शिट्टी निघाली आणि गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. 'स्क्रू' म्हणताना समोर दिवा असता तर विझला असता. रुखमाबाई आधी गालात हसल्या, मग पोट धरून. आपण कसे आपटलो ते अप्पांनी उठून करून दाखवलं, तेव्हा म्हातारी चेतनाच्या खांद्यावर कोसळली.

"पुरं, पुरं! मराले लागनू मी!" त्यांनी डोळे पुसले. "पोरी, तुन्हा बापवानी माले कितीक दिवसमा कोनी हसाडं नही व्हतं. नवनीत, तुन्हा बापले फोन लाव. या घरमाच सोयरीक करानी."

लग्न मार्गशीर्षात ठरलं. त्याच्या पंधरवडाभर आधी अप्पांचे चार महिने भरले आणि ते शहाद्याला गेले. चेतनानं जबड्याचा फोटो काढून पाहिला. हाडानं स्क्रू पक्के धरले होते.

तिला एक अडचण होती. आदल्याच दिवशी नूतनताईंचा फोन आला होता. "लगीन होऊ द्या, मंग दात बसाडा. एवढा पाहुणा येतीन, दात नही ऱ्हायनात तर जरा तरी गप बसतीन." आता अप्पांना काय सांगावं या विचारात ती होती, तोच अप्पा खुर्चीतून उठून बसले आणि दाराकडे बघत हळूच म्हणाले, "डॉक्टर, एक इनंती शे. दात लगीन झावावर बफाडा."

"का हो काका?"

"तीफ वरीफ मी बोली ऱ्हायनू," अप्पा म्हणाले, "लोके उठी जायेत. आते हफतफ, पन बठतफ. लगीनमा फगळा गाव येवाव शे. अशी फंधी मंग कधी?"

चेतनानं गंभीरपणे मान हलवली आणि लग्नानंतरची तारीख दिली.

अप्पा खुशीत बाहेर आले. बाकावर एक अनोळखी माणूस नुकतीच दाढ काढून, गालात कापसाचा बोळा दाबून बसला होता. डॉक्टरांनी त्याला अर्धा तास तोंड उघडायचं नाही म्हणून बजावलं होतं. अप्पा त्याच्या शेजारी टेकले, त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मन्हं काय झायं, फांगू का?"

त्या माणसाला 'नको' म्हणता आलं नाही.